पडद्यामागून खेळणारे

आमचे हे नक्की काय काम करतात, ते सासूबाईंना अजून पटलेलं नाही. ‘खेळायचा पगार मिळतो’ एवढंच शेजारणीला सांगतात आणि घाईघाईने विषय बदलतात.

पण आहे ते तसंच. यांची कंपनी व्हिडिओ गेम बनवते. नवा गेम तयार झाला की मोठं सभागृह भरायचं आणि कंपनीचे साहेब स्टेजवर येऊन, कंट्रोलर हातात धरून गेम खेळून दाखवायचे. म्हणजे, तसं दिसायचं. साहेबांचा कंट्रोलर बंद असायचा. खेळायचे आमचे हे, पडद्यामागे स्टुलावर बसून. साहेबांनी फक्त बोटं हलवायची आणि हसायचं. मी यांना पार्श्वखेळाडू म्हणायचे. पार्श्वगायकाचं निदान नाव तरी छापून येतं!

यांना नावाची हाव नव्हती. एकदा गेममधला गडी कड्यावरून घसरला आणि एका हाताने लोंबकळायला लागला. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. यांनी त्याला हळूहळू वर ओढला. टाळ्या अर्थातच साहेबांना.

“टाळ्या घेऊ देत,” हे घरी येऊन म्हणाले, “पण सगळ्यांचा श्वास माझ्यामुळे अडकला होता ना!”

त्या एका गोष्टीसाठी हा माणूस वर्षानुवर्षं घामाघूम होत आला.

मग साहेबांनीच घोळ घातला. एका कार्यक्रमात लोकांनी जल्लोष केला, तसा साहेबांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि दोन्ही हात वर करून अभिवादन केलं. पडद्यामागे यांना ते दिसलंच नाही. गडी आपला धावतोय, उड्या मारतोय! सभागृह पोट धरधरून हसलं. आठवडाभरात फर्मान निघालं: स्टेज बंद, यापुढे फक्त व्हिडिओ.

मला वाटलं, सुटले बिचारे. कसलं काय! बंद खोलीत बसून तीच उडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत. व्हिडिओ करणारी बाई गोड आवाजात म्हणायची, “दादा, परत एकदा.” चुकलं की कापायचं, बरं झालेलं जोडायचं. हे घरी यायचे ते अंगठा सुजवून, आणि जेवताना बोलेनासे झाले.

शेवटी यांनी बाईंना गळ घातली. “कड्याचा भाग एकसलग ठेवा. घसरलो तर घसरलेलं दिसू दे.” बाई हो म्हणाल्या. त्या दिवशी हे पोटभर जेवले.

व्हिडिओ आला तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. सासूबाईंनीसुद्धा चष्मा पुसून घेतला. कडा आला आणि गडी वाऱ्यासारखा पार झाला. घसरणं नाही, लोंबकळणं नाही; सगळं कापून टाकलेलं. यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

लेक मोबाइलवर लोकांची मतं वाचायला लागली. “सगळे म्हणतायत, हे खोटं आहे. इतकं बिनचूक कुणी खेळत नाही, कंप्युटरनेच बनवलंय.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जाहीर उत्तर दिलं: ‘व्हिडिओतला खेळ शंभर टक्के खरा आहे. मी स्वतः खेळलो आहे.’

“आयत्या बिळावर नागोबा!” माझा तोल सुटला. “फोन लावा त्या मेल्याला!”

“आणि काय सांगू?” हे म्हणाले. “कागदावर सही दिलीय मी, कुठे बोलणार नाही म्हणून. जाऊ दे गं. कुणीतरी खेळलं होतं, एवढं तरी कबूल केलं त्यांनी.”

मला रडू आलं. लेकीने मात्र कुणाला न विचारता खाली लिहून टाकलं: ‘हे माझे बाबा खेळलेत.’

क्षणात उत्तर आलं: ‘हो का? माझेपण!’ त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

यांनी मोबाइल हातात घेऊन ते सगळं वाचलं आणि परत दिला.

“पुसून टाक, बाळा,” हे म्हणाले. “उद्या पुढच्या व्हिडिओला बोलावलंय.”