बाईंची भिंत

"आधी अंगाने कर, मग तोंडाने बोल," बाई म्हणायच्या. इंग्रजी शब्द त्या वहीत उतरवूच देत नसत, तो आधी करून दाखवावा लागे. अशी शिकवणी तुम्ही पाहिली नसेल.

निवृत्तीनंतर त्या कोटऱ्यातल्या आमच्या गल्लीत शिकवत. मी मंडीदीपच्या कारखान्यात फिटर, वय चौतीस. सुपरवायझर व्हायचं तर मुलाखत इंग्रजीतून, आणि इंग्रजीत मी कच्चा. दोनदा आपटलो होतो. तिसरी संधी शेवटची होती.

टेकण्या-वाकण्याचा 'लीन' हा शब्द शिकायला मला तीन संध्याकाळी लागल्या. बाईंनी शिडी भिंतीला लावायला सांगितली, मला पाठ टेकून उभं केलं, गॅलरीच्या कठड्यावरून वाकवलं, आणि दर वेळी वाक्य म्हणवून घेतलं. समोरच्या काकूंनी घाबरून विचारलं, याचं घरी भांडण झालंय का.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, चालू मशीनला टेकलेला कामगार दिसला तर काय सांगाल. मी उठलो आणि सरळ भिंतीला जाऊन टेकलो. साहेब बघतच राहिले. पाठ टेकली तसं पहिलं वाक्य आलं, त्याच्यामागून बाकीची.

पेढे घेऊन गेलो तर बाईंनी एवढंच विचारलं, "भिंत साफ होती ना? शर्ट नवा होता तुझा."

पुढे बाईंचे गुडघे गेले. काठी घ्यायला त्या तयार नव्हत्या. एका रविवारी मला दारापर्यंत सोडायला निघाल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळा भार टाकला आणि म्हणाल्या, "वाक्य सांग."

मी त्यांना सावरत म्हटलं, "बाई, आज राहू द्या ना."

"बरं. पुढच्या रविवारी. पण सुटका नाही."

पुढच्या रविवारी बाई नव्हत्या.

आज माझ्या घरी बरे दिवस आहेत ते त्यांच्यामुळे. परवा त्यांच्या मुलाने घर रंगवायला काढलं. शिकवणीच्या खोलीतल्या भिंतीवर आम्हा सगळ्यांच्या डोक्यांच्या तेलाचा डाग अजून होता. रंगारी चहाला गेला तेव्हा मी तिथे पाठ टेकून उभा राहिलो आणि ते राहिलेलं वाक्य मोठ्याने म्हटलं. चुकलो असेन, पण कोणी दुरुस्त केलं नाही.