पहिल्या कॅरेटचं नाव

वरूडकडच्या संत्र्याच्या बगिच्यात मैनाबाईचा आवाज ट्रकच्या हॉर्नलाही दबवायचा. कॅरेट ट्रकमध्ये चढू लागले की मोजणी तिची. पहिल्या कॅरेटला ‘एक’ म्हणायचं नाही. मान तिरपी, हात कमरेवर, हेल लांबवून, “बरऽकत.” मग दोन, तीन. एक म्हटलं की माल एकावरच अडतो, अशी इथली समजूत.

सून माधवी अकोल्याची. नवीन होती तेव्हा तिनं विचारलं, “आई, हा तर अरबी शब्द. आपल्या घरात कसा आला?”

“तू अकोल्याहून आली तसा. आला अन् राहिला.”

“पण म्हणजे भरपूर का?”

“भरपूर येगळं. ढीगभर सैपाक केला, थे भरपूर. पाच जणाच्या सैपाकात सात जेवले अन् टोपल्यात भाकर उरली, थे बरकत.”

पुढं माधवी सासूची नक्कल करून तोडणीच्या बायांना हसवू लागली. मैनाबाई वरवर नाक मुरडायची. आत मात्र सलायचं. थट्टाच ती.

यंदा मृग बहाराच्या पहिल्याच तोडणीला मैनाबाईचा घसा बसला. मोजणी एकदा दुसऱ्याच्या तोंडी गेली की गेलीच, हे तिला ठाऊक होतं.

“काकू, तुमी बसा. मी मोजतो,” व्यापाऱ्याचा माणूस श्याम म्हणाला, अन् खणखणीत बोलला, “एक.”

बगिच्याचा मालक गजेंद्र कॅरेट खांद्यावर घेऊन तसाच उभा. मागची रांगही उभी.

“काहून थांबले गा?”

“ठेवू कसा? तू तर माहा बगिचा एकातच आवरला, बाप्पा.”

मैनाबाईनं तोंड उघडलं. नुसती हवा. पुन्हा जोर केला. डोळ्यांत पाणी आलं, शब्द काही येईना.

“बरऽकत.”

मैनाबाईनं वळून पाहिलं. माधवी. मान तिरपी, हात कमरेवर. बाया फिदीफिदी हसल्या, पण माधवी हसत नव्हती. कॅरेट ट्रकमध्ये टेकलं, रांग हलली. हेलाचा कणही पोरीनं सांडला नव्हता. इतकं बारीक कोणी उगाच ऐकत नाही, हे मैनाबाईला उमगलं अन् तिची छाती वीतभर फुगली.

ट्रक भरल्यावर गजेंद्र आला. “काकू, परवा चांदूर बाजारले मेव्हण्याचा बगिचा हाय. मोजाले येता न?”

मैनाबाईनं सुनेकडे बोट दाखवलं.

“वैनी, तुमी येता?”

माधवी सासूच्या तोंडाकडे पाहू लागली.

“मले काय पाहून राहिली वं,” मैनाबाई कुजबुजली. “तुले इचारलं त्यानं.”