शेवळांची भाजी आणि माझा मेसेज

कामोठ्यात राहायला आल्यावर ऋतूप्रमाणे स्वयंपाक करायला मी सोसायटीच्या गेटवर बसणाऱ्या एका आगरी मावशींकडून शिकले. थंडीत त्यांच्याकडे वालाच्या शेंगा असत, उन्हाळ्यात कैऱ्या-करवंदं आणि पावसात रानभाज्या. त्या सांगत तसं मी शिजवायचे आणि फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकून कौतुक मिळवायचे.

एका जूनमध्ये त्यांनी शेवळांची जुडी दिली, सोबत मूठभर हिरवी फळं.

"ही काकडं घाल हां ताई, नायतर घसा खाजंल."

मी फोनवर बोलत होते. नुसतं "हो हो" म्हटलं.

त्या दिवशी नवऱ्याच्या ऑफिसमधली दोन जोडपी जेवायला येणार होती. ती फळं मला कच्ची, बिनकामाची वाटली. कचऱ्यात टाकली. भाजी दिसायला सुरेख झाली, पण चार घासांतच सगळ्यांचे घसे खाजायला लागले. एक पाहुणी खोकून खोकून लाल झाली.

"काय घातलंस यात?" नवऱ्याने सगळ्यांदेखत विचारलं.

"मी काय घालणार? त्या बाईनं भाजीच विषारी दिली!"

तेच मी रागारागात ग्रुपवरही लिहिलं. दुसऱ्या दिवशी वॉचमनने मावशींना गेटवरून उठवलं. मी बाल्कनीतून बघत होते. खाली गेले नाही.

आठवड्याने खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सहज विचारलं, "शेवळांत काकडं घातली होतीस ना?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खुलासा लिहायला घेतला, पण तीनदा टाइप करून तीनदा पुसला.

गणपतीच्या आधी मावशी स्टेशनबाहेर शिराळी विकताना दिसल्या. मी समोर उकिडवी बसले.

"मावशी, काकडं मीच टाकून दिली होती. ग्रुपवरही मीच लिहिलं."

"माला म्हाईत हाय. वॉचमननं सांगितलेला."

"मग मला काही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? सोसायटी तुमची."

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं कबूल केलं. आठ-दहा अंगठे आले. सेक्रेटरींनी लिहिलं, "ठीक आहे, पण आता नियमच केलाय. गेटवर विक्रेते नकोत."

त्यावर मी काहीच लिहिलं नाही. तिथे भांडायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.