डोळ्यातला तिळाएवढा उजेड

दुपारच्या गाडीनं थोरल्या जाऊबाई पुण्याला लेकाकडे जाणार होत्या, त्या कायमच्याच. मला त्यांचा चेहरा छापून त्यांच्या हातात द्यायचा होता, आणि तो पाटावर अजून अर्धवट. लिनोचा, म्हणजे ठसे कोरायच्या रबरासारख्या जाड पत्र्याचा, तो शेवटचा तुकडा. आमच्या जळगाव जामोदात दुसरा मिळायचा नाही.

नवी नवरी असताना मी त्यांचा चेहरा एकदा कोरला होता. चित्रकलेचा कोर्स करून आलेली, म्हणजे जग आपल्याला विचारूनच रंगवलंय असा रुबाब. पण लिनोवर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, हे परीक्षेत लिहून आलेली बया घरी साफ विसरली. छापात जाऊबाईंचा पदर उजव्या खांद्यावर, नथही उजवीकडे. त्यांनी तो साऱ्या आळीत फिरवला.

"पाहा व, आमच्या शिकेल जाऊनं मले मारवाडीन केलं."

या वेळी ठसा आरशात तपासला होता. पदर, नथ, सगळं डावीकडे. राहिला होता फक्त डोळ्यातला उजेड, बाहुलीत एक बारीक टवका. कोरलेली जागा पांढरी राहते. टवका नसला तर डोळा मेलेला, मोठा निघाला तर फुटलेला. आणि कोरलेलं परत भरता येत नाही.

थंडीनं लिनो दगडासारखा झालेला. कोरणी घसरली, बाहुली थोडक्यात वाचली.

"आन इकडं." जाऊबाईंनी ठसा मांडीखाली घेतला आणि वर गोधडी ओढली. "माही गरमी तुह्या शेगडीपेक्षा बरी."

स्वतःच्या तोंडावर बसलेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली. हसले मात्र नाही, कोरणीला धार लावत बसले.

लिनो मऊ झाला. मी ठसा परत पाटावर घेतला.

"बोलू नका, जाऊबाई."

"मी कुठी बोलून राह्यली? दात वाजून राह्यले."

हात उचलला. पुन्हा टेकवला. कोरणी जागच्या जागी धरून डाव्या हातानं ठसाच हळूहळू फिरवला. तिळाएवढा कण सुटून आला.

शाई लावली, कागद ठेवला, चमच्याच्या पाठीनं घासला. हनुवटीकडून सोलत वर गेले, डोळा शेवटी.

जाऊबाईंनी आधी खांदा पाहिला, मग नाक. चष्मा पुसून पुन्हा घातला. डोळ्यापाशी बराच वेळ थांबल्या.

"पाहून तं राह्यली."

मी शाई वाळायची वाट पाहून कागद गुंडाळायला घेतला. त्यांनी माझा हात धरला.

"हे पुण्याले नाही येत. ओट्यासमोर लाव. तू साखर खातं का नाही, कोनतरी पाहाले पाहिजे इथं."

डॉक्टरनं बंद केलेली साखर मी चोरून खाते, हे त्यांनाच तेवढं माहीत. आता चहा करताना मी भिंतीकडे पाठ करते.