सारजावैनीनं दाबून ठेवलेली गोष्ट

सारजावैनी म्हणजे आमच्या दूध सोसायटीची पहिली चेअरमन. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सगळं गाव म्हणायचं. सासूचं भांडण म्हणू नका, खारट झालेली आमटी म्हणू नका, विहिरीवर सगळं सांगून मोकळी. पण त्याच बाईनं एक गोष्ट पंधरा वर्षं दाबून ठेवली, आणि शेजारी असून मला पत्ता नाही!

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही तेर गावच्या रस्त्यावर खडी फोडली. दर आठवड्याला हजेरीच्या मस्टरवर नवऱ्याच्या, बलभीमदादाच्या, अंगठ्याशेजारी तिचाही अंगठा.

अठ्ठ्याहत्तर साली बायकांची सोसायटी काढायची ठरली. धावपळ माझी. नोंदणीचे साहेब आले, कागद चाळले अन् म्हणाले, "सही करणारी एक तरी बाई दाखवा, नाहीतर नोंदणी नाही." वीस बायका एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. माझं डोकंच फिरलं.

"म्हशी राखता येतात, चार अक्षरं येत न्हाईत व्हय?" मी खेकसलो.

सारजावैनी उठली. "येत्यात. चौथी पास हाय मी."

दादा दारातच उभा होता. त्याच्याकडं न बघता ती म्हणाली, "लग्नात आई म्हणली, जावई अंगठेबहाद्दर हायत, त्यांच्यापुढं शिकल्यालं दावू नगंस. पर आता समद्या बायांचं अडलंय. रागवायचं तर रागवा."

आता दादा भडकतो अन् सोसायटी बुडते, असंच मला वाटलं. दादा पुढं आला. "लिव की मग."

जीभ दातात धरून तिनं लिहिलं. दादा वाकला. "काय लिवलंस?"

"सारजाबाई..." म्हणून ती थांबली. पुढं नवऱ्याचं नाव! ते तोंडानं कसं घेणार? बायका फिदीफिदी हसायला लागल्या.

शेवटी मीच वाचलं, "सारजाबाई बलभीम ढोबळे."

"ह्यात माझं कंचं?"

तिनं बोट ठेवलं. दादा बघतच राहिला. मग म्हणाला, "लग्नात उखाण्यात नाव घेतलं व्हतंस, त्याच्यानंतर आजच. लई झ्याक लिवलंस गं!" वैनीचे डोळे भरून आले. खरं सांगतो, माझेही.

साक्षीला दादाचा अंगठा लागत होता. त्यानं तो उठवला पार कागदाच्या कोपऱ्यात.

"अहो, इतक्या लांब?" साहेब म्हणाले.

"जवळ उठवला तर नाव झाकंल की, सायब."