कर वाढवून मागणारे मामा

अख्ख्या कॅनडात स्वतःहून कर वाढवून मागणारा एकच मराठी माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. इतरांच्या बायकांनाही मामा असतात. ते बिचारे फोनवर तब्येत विचारतात आणि थंडी पडली की फ्लोरिडाला जातात. आमचे मामा सस्काटूनच्या युनिव्हर्सिटीत जन्मभर शेतीची यंत्रं शिकवून रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बागांच्या मागे लागले. लाज ही चीज मला आईवडिलांनी शिकवली असेल, पण तिचा रोजचा रियाज मामांनी करून घेतला.

त्यांच्याबरोबर बागेत फिरायला जाणं ही तर शिक्षाच. कोणाच्या कुत्र्याने घाण केली की मामा मालकाला गाठून अत्यंत अदबीने सांगणार, "एक्सक्यूज मी, युवर डॉग हॅज लेफ्ट समथिंग फॉर यू." झोपाळ्याची साखळी करकरली, की पंच्याहत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ पोरांच्या रांगेत उभा राहून, आपली पाळी आल्यावर स्वतः बसून बघणार. मी लांबच्या झाडाखाली फोन आल्याचं नाटक करत असतो. ते तिथूनच हाक मारतात, "जावईबापू, जरा मागून ढकला बघू."

मध्यंतरी सिटीने बागांसाठी प्रॉपर्टी टॅक्सवर थोडा जादा कर बसवायचं काढलं. तो नामंजूर झाला तर लहान बागांची डागडुजी बंद होणार होती. मामांच्या घरामागची बाग त्यातलीच. तिथे नदीकडच्या वाटेवर एक बाक होता. तो मोडला म्हणून उचलून नेला, नवा काही आला नाही, आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या मामींना मध्ये टेकायला जागा नाही म्हणून त्यांचं नदीपर्यंत जाणंच थांबलं. हे मामा चारचौघांत कधी बोलले नाहीत. "घरचं गाऱ्हाणं सार्वजनिक कामात आणू नये," म्हणायचे. त्याऐवजी इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ते श्रीखंडाच्या पातेल्यापाशी उभे राहून रांग अडवायचे आणि कराचं महत्त्व सांगायचे. एका वास्तुशांतीला यजमान कौतुकाने नवं बेसमेंट दाखवत होते, त्यात होम थिएटर, बार, सगळं. मामा म्हणाले, "छान आहे हो. फक्त आकाश नाही. ते बागेत मिळतं आणि त्याला थोडा टॅक्स लागतो." मी प्रसादाचा शिरा घेऊन बारच्या मागे गेलो.

लोक मात्र गोड बोलले. तोंडावर नाही म्हणायची आपल्यात पद्धतच नाही. सिटी हॉलमधल्या सुनावणीला चला म्हटल्यावर कोणी म्हणालं, "नक्की येऊ, मामा." कोणी म्हणालं, "मुलीला स्विमिंगला ड्रॉप केलं की आलोच." मामांनी हे सगळं खरं धरलं. इतकी वर्षं या देशात काढल्यावर, 'येऊ' म्हणणारा माणूस येतो, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

सुनावणी दुपारी होती. रस्त्यावर बर्फ होता, मामा हल्ली तशात गाडी चालवत नाहीत, म्हणून त्यांना घेऊन मी गेलो. गाडी पार्क करून आत येतो तर मामांनी पुढच्या दोन रांगांत रुमाल टाकून जागा धरलेल्या. धुऊन इस्त्री केलेले रुमाल, ते कमी पडले म्हणून मफलर, टोपी, शेवटच्या खुर्चीवर मामींची शाल. लोक येत होते, रुमाल बघून बिचकत होते आणि मागे भिंतीला टेकून उभे राहत होते. दुसऱ्याचा रुमाल उचलून बसायची इथल्या लोकांना सवय नाही. मामा दाराकडे बघत होते. शेवटी तिथली एक कर्मचारी मुलगी येऊन हळूच म्हणाली, "सर, आर दीज सीट्स टेकन?" मामांनी पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. "नॉट एनीमोअर," म्हणाले आणि एकेक रुमाल उचलून त्याची घडी घालू लागले. दुसऱ्या टोकाने मी गोळा करायला लागलो. सगळं सभागृह आमच्याकडे बघत होतं. आजवर मला मामांची लाज वाटत आली होती. त्या दुपारी मंडळाची वाटली आणि स्वतःचीही, कारण त्यांना गाडीने आणायचं नसतं तर मीसुद्धा 'बघतो' म्हणून घरीच बसलो असतो.

मग मामांचं नाव पुकारलं. जन्मात कोणाची भीड न धरलेला तो माणूस माइकपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "माय कम्युनिटी इज फुल्ली इन सपोर्ट. दे वुड ऑल बी हिअर, बट देअर इज अ बॅड फ्लू गोइंग अराउंड." हे धडधडीत खोटं बोलताना त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. परतताना गाडीत मी काही विचारायच्या आत म्हणाले, "आपल्या लोकांची शोभा कशाला करायची, जावईबापू?"

कर मंजूर झाला. उन्हाळ्यात नवा बाकही आला आणि मामी पुन्हा नदीपर्यंत जायला लागल्या. गणपतीत आरती झाल्यावर, मोदक खाता खाता कोणीतरी विचारलं, "काय मामा, झालं का तुमच्या त्या टॅक्सचं?" मामांनी त्याचा हात हातात घेतला. "झालं ना. तुम्हा सगळ्यांमुळे झालं," म्हणाले. त्यात टोमणा असता तर फार बरं झालं असतं, पण तो नव्हता. "अहो, त्यात काय एवढं," तो गृहस्थ म्हणाला, आणि आम्ही बाकीचे आपापल्या ताटलीत बघत राहिलो. मामा अजून मंडळात येतात, सगळ्यांशी हसून बोलतात. फक्त त्यानंतर त्यांनी आम्हाला कुठेही 'या' म्हटलेलं नाही.