सेठच्या मुंग्या आणि माझा पत्रा

"साळवे, फिर टपक रहा है!"

लछूसेठांची हाक आली आणि मी चहा तसाच ठेवून भट्टीकडे पळालो. ऐंशीच्या दशकाचा शेवट. उल्हासनगरात त्यांचा सरबताचा कारखाना होता आणि मी तिथे मेंटेनन्सला होतो.

साखरेचा पाक ज्यात उकळायचा त्याला आम्ही केटल म्हणायचो. चहाची किटली डोळ्यांसमोर आणू नका. दोन माणसं आत बसून पत्ते खेळतील एवढं स्टीलचं पातेलं ते! खाली गॅसचा बर्नर. पाक काढायला बुडाजवळ बाजूला एक बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे दांडी फिरवून उघडायचा नळ. त्याच्या पोटात टेफ्लॉनची पांढरी रिंग असते, तिच्यामुळे नळ घट्ट बंद होतो. उकळता पाक ती रिंग आरामात सोसते. पण आमच्या बर्नरची ज्योत बुडाखालून बाहेर यायची आणि थेट नळाला चाटायची. मग रिंग खराब, दांडीचं प्लास्टिक वितळलेलं, आणि पाक ठिबकतोय तो बर्नरवर. सगळीकडे जळक्या साखरेचा वास.

त्याच सुमारास सेठ बदलापुरात दुसरं युनिट टाकत होते. शेड माझ्या हेंद्रेपाड्यातल्या बिल्डिंगच्या मागेच. तिथला इन्चार्ज व्हायचं आणि दुपारी घरी येऊन गरम भाकरी खायची, एवढंच माझं स्वप्न. बायकोला तसं सांगूनही बसलो होतो.

"ये टपकना जो बंद करेगा, बदलापूर उसका," सेठ म्हणाले.

हे मला एकट्याला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण शेजारी प्रधान उभा होता. अंबरनाथ पूर्वेचा, माझ्याच वयाचा, डिप्लोमाही माझ्यासारखाच, लागला मात्र माझ्यानंतर. शर्टावर कधी तेलाचा डाग नाही. सेठ मला "साळवे" म्हणायचे आणि त्याला "प्रधानजी". त्या "जी"वरून माझी झोप उडायची. उगाच खोटं कशाला बोलू?

प्रधाननं ॲस्बेस्टॉसची, म्हणजे आगीत न जळणारी दोरी आणली. तेव्हा ती सर्रास वापरायचे. नळाला असे सुबक वेढे दिले की बघूनच माझ्या पोटात दुखलं. सेठनी ऑफिसातल्या लोकांनाही बघायला बोलावलं.

"देखा? इसको बोलते हैं दिमाग!"

मी म्हटलं, "सेठ, दोरीनं आग अडत नाही. नळ तापायला उशीर लागेल, एवढंच."

"जलता है क्या उससे?" सेठ हसले. जळत होतोच. पण बोललो ते खरं होतं.

आठवडाभरात रिंग पुन्हा गेली. फक्त आता ठिबकलेलं दिसेना, कारण दोरी पाक पिऊन बसत होती. सुट्टीनंतर सकाळी बर्नर पेटवायला गेलो, तर दोरी काळीकुट्ट. वाकून बघितलं तर हलतेय. मुंग्या! अहो, मुंगीवर मुंगी! मनात म्हटलं, आता लागली प्रधानची वाट.

पण मी सेठना विसरलो होतो. हा माणूस रोज सकाळी गेटजवळच्या वारुळावर पीठसाखर घातल्याशिवाय ऑफिसात पाय ठेवायचा नाही. ते आले आणि केटलसमोर हात जोडून उभे राहिले.

"काली चींटी! लक्ष्मी आयी है घर में. खबरदार किसीने बर्नर को हाथ लगाया तो!"

भट्टी बंद. ऐन उन्हाळ्यातल्या ऑर्डरी, व्यापारी बाहेर खोळंबलेले, आणि आत आम्ही मुंग्यांसाठी साखर पेरतोय, केटलपासून गेटपर्यंत. दुपार कलली तेव्हा कुठे देवी मार्गस्थ झाल्या.

"प्रधानजी के हाथ में बरकत है," सेठ म्हणाले. मी कपाळावर हात मारला. चूक करूनही शाबासकी! माझ्या हातून झालं असतं तर हाकललं असतं मला.

मग मी कामाला लागलो. दोरी सोडून फेकली, नवी रिंग घातली. केटल आणि नळ यांच्यामध्ये वीतभर पाइपचा तुकडा जोडला, म्हणजे नळ ज्योतीच्या बाहेर गेला. मध्ये पत्र्याचा आडोसा लावला, पण नळापासून दोन बोटं लांब. पत्रा नळाला टेकला तर तोच तापून नळाला तापवतो. मधली हवाच खरी राखण करते.

प्रधान मागे येऊन उभा राहिला. "साळवे, पत्रा बर्नरभोवती पूर्ण गोल फिरव ना. दिसायला बरं."

"दिसायला काय करायचंय? हवा कोंडली की ज्योत पिवळी पडते आणि सगळं काजळतं."

दुसऱ्या दिवशी पाक उकळत असताना सेठनी स्वतः दांडीला हात लावला. चटका नाही. खाली थेंब नाही.

"वाह साळवे! कमाल!"

मी पुढचं वाक्य ऐकायला छाती काढून उभा राहिलो.

"तू तो इधर ही चाहिए. तेरे बिना ये भट्टी कौन संभालेगा? बदलापूर प्रधानजी देखेंगे. नयी जगह है, बरकतवाला आदमी मंगता है."

घ्या! मी रोज डबा घेऊन बदलापूरहून उल्हासनगरला. प्रधान कंपनीच्या स्कूटरवर अंबरनाथहून बदलापूरला. शेडजवळ सावली नाही म्हणून स्कूटर माझ्याच बिल्डिंगखाली लावायचा. वर माझी बायको म्हणायची, "बिचारे उन्हातून येतात हो, म्हणून दुपारी जेवायलाच बोलावते."

एकदा जिन्यात भेटला. "साळवे, तुझा तो पत्रा इथल्या केटललाही लावलाय. झकास चाललंय. आणि वहिनींच्या हातची भाकरी, वा!"

तेव्हा नव्या लोकांना माझं सांगणं एवढंच. नळ ज्योतीपासून वीतभर लांब ठेवा, मध्ये हवा राहू द्या, वर्षानुवर्षं टिकतो. आणि आपल्यावाचून सेठचं अडतं, हे त्याला कळू देऊ नका. नाहीतर तुमची गरम भाकरी दुसराच कुणीतरी खातो.